जुन्या शहरातली औषधांची उधारी

अकोल्यातल्या आमच्या औषधाच्या दुकानातली सर्वांत जुनी उधारीची वही 1956 च्या दिवाळीची आहे. 1 नोव्हेंबरला वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला आणि त्याच आठवड्यात लक्ष्मीपूजनाला वडिलांनी ही वही पुजली. लाल कापडाची बांधणी, गुंडाळायला सुती दोरी, पहिल्या पानावर हळदीकुंकवाची बोटं. सुरुवातीची पानं रुपये-आणे-पैची; पुढच्या एप्रिलात नवे पैसे आले तसे रकाने खोडून पुन्हा आखलेले दिसतात. पूर्ण नाव कुठेच नाही. 'हरिहर पेठ, विहिरीजवळचे', 'तांगेवाला, भांडपुरा', 'मास्तरांची भावजय' एवढ्यावर भागायचं, कारण लिहिणारा आणि घेणारा एकाच आळीतले.

दर दिवाळीला नवी वही निघाली, जुनी माळ्यावर गेली. मी दुकानातून जवळजवळ मोकळा झालो तेव्हा त्या खाली काढल्या आणि एकच गोष्ट शोधत चाळत बसलो: लकवा. घरात तसं कारण घडलं होतं, ते पुढे सांगतो. चाळता चाळता माझं एक मत पक्कं झालं. लकव्याच्या दुखण्यात किती पैसा लागला याच्या गोष्टी लोक वर्षानुवर्षं सांगतात. पण माणूस उठून चालला की नाही हे पुष्कळदा तो पैसा केव्हा हाती आला यावर ठरतं. आणि जुन्या शहरात वेळेवर पैसा आणायचं काम निदान दीडशे वर्षं उधारी आणि वर्गणी या दोन गोष्टींनी केलेलं आहे.

वडिलांनी दुकान काढलं त्याआधी ते एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. मी डी. फार्म. झालो, त्यांचं शिक्षण बाटल्या धुण्यापासून सुरू झालं. तेव्हा पेशंट घरून बाटली आणायचा. मिक्श्चर भरून झालं की कागदाची उभी पट्टी दुमडायची, कात्रीने तिच्या कडेला खाचा पाडायच्या आणि खळीने ती बाटलीला चिकटवायची. सहा खाचा, सहा डोस. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही या खाचेपासून त्या खाचेपर्यंत प्यायचं हे न सांगता समजे. वडील पट्टी न मोजता कापायचे. मी लहानपणी पट्टी लावून पाहिली होती. सगळ्या खाचा सारख्या अंतरावर. दुकान झाल्यावरही ते स्वतःला कंपाउंडरच म्हणवत, आणि गिऱ्हाईकं त्यांना डॉक्टर म्हणत.

जुनं शहर म्हणजे मोर्णा नदीचा पश्चिम काठ. औरंगजेबाचा वजीर असदखान याच्या नावाचा असदगड इथलाच. त्याचा तट इंग्रजांनी पाडला आणि गडातल्या हवाखान्यात पुढे शाळा भरली. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यांनी कचेऱ्या आणि साहेबांचे बंगले नदीच्या पूर्वेला, ताजनापेठेच्या अंगाला बांधले. 1867 मध्ये नागपूरपर्यंतची रेल्वे पुरी झाली, तिचं स्टेशनही त्याच काठावर. मग दवाखाना तरी अलीकडे कसा येणार? सिव्हिल हॉस्पिटल पलीकडे, बायकांचं लेडी हार्डिंग पलीकडे, पुढे रामदासपेठेत खासगी डॉक्टरांची रांग लागली तीही पलीकडेच. आमच्याकडे राहिले वैद्य, हकीम, हाड बसवणारे आणि औषधांची दुकानं. आजही आमच्याकडचा माणूस दगडी पुलावरून जाताना 'गावात चाललो' म्हणतो. मूळ गाव हेच, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. पुलाच्या अलीकडे दुखणं आणि पलीकडे डॉक्टर अशी वाटणी झाल्यामुळे पहिला सल्ला, पहिली गोळी आणि पहिली उधारी औषधाच्या दुकानातच व्हायची.

वर्गणीची गोष्ट त्याहून जुनी. वऱ्हाडात पैसा यायचा तो कापसातून. गाडी बाजारात लागली की अडत, हमाली, तोलाई यांच्या जोडीला 'धर्मादाय' नावाची एक कपात असे. शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशेबपट्टीतून ती परस्पर कापली जायची आणि अडत्याच्या वहीत धर्माच्या खात्यावर जमा व्हायची. गोरक्षण, धर्मशाळा, पाठशाळा, पाणपोई यांना त्यातून पैसा मिळे, आणि आळीतल्या कुणाच्या घरी मोठं दुखणं आलं तर शेटजी त्याच खात्यातून दहा-वीस रुपये काढून देत. पुण्य शेटजींच्या नावावर चढायचं, पैसा मात्र कास्तकाराचा. ही लबाडी तेव्हाही लोकांना कळत होती. बाजारात शिस्त आणण्यासाठी कारंज्याला 1886 मध्येच नियंत्रित बाजार सुरू झाला, 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. अशा कायद्यांतला हा देशातला पहिला. पुढे बाजार समित्यांचे नियम कडक होत गेले, 1972 मध्ये राज्याने कापसाची एकाधिकार खरेदी सुरू केली, आणि अडत्याच्या वहीतलं ते खातं आटलं. कास्तकाराच्या दृष्टीने हे योग्यच झालं. पण वडील म्हणायचे, रात्री दहा वाजता दार वाजवावं असं एक दार कमी झालं.

सरकारने पट्टीतून कापणं थांबवलं. पुढे काही वर्षांनी वर्धेच्या बाजूला लोकांनी आपण होऊन देणं सुरू केलं. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने 1980 च्या दशकात खेड्यांसाठी आरोग्य विमा काढला, त्याचा हप्ता ज्वारीत घ्यायचे. खळं झालं की ज्याच्या-त्याच्या ऐपतीप्रमाणे पायल्या मोजायच्या, आणि वर्षभर घरातलं कोणी आजारी पडलं तर रुग्णालयाने सांभाळायचं. दवाखान्याच्या पैशाची वेळ जुळवणारी याहून शहाणी युक्ती मी पाहिलेली नाही. ज्वारी घरात असे तेव्हाच ती घेतली जाई, आणि दुखणं येई तेव्हा कोणी खिसा चाचपत नसे.

आता लकव्याकडे येतो. वडिलांच्या वह्यांत लकव्याच्या नोंदी आहेत, पण रकमा पाहून हसू येतं. एरंडेल, महानारायण तेल, बी-वनची इंजेक्शनं, पोट साफ होण्याचं औषध. 1961 च्या वहीत एका तरण्या हमालाचं खातं आहे: दोन महिने तेल आणि इंजेक्शनं, एकूण उधारी एकोणीस रुपये चाळीस नवे पैसे, आणि खाली वडिलांच्या अक्षरात 'चालू लागला, पूर्ण जमा'. एकोणीस रुपयांत लकवा बरा! आजच्या माणसाला हे वाचून वाटेल की जुने लोक काहीतरी जाणत होते.

त्यांना जेवढं माहीत होतं तेवढंच जगाला माहीत होतं. पायांपासून चढत जाणारा लकवा फ्रान्सच्या लांद्री नावाच्या डॉक्टराने 1859 मध्ये लिहून ठेवला. पहिल्या महायुद्धात, 1916 मध्ये, गियाँ, बारे आणि स्त्रोल या तिघांनी दोन फ्रेंच सैनिकांच्या मणक्यातलं पाणी तपासलं. त्यात प्रथिनं वाढलेली आणि पेशी मात्र नेहमीइतक्याच आढळल्या, आणि हा आजार वेगळा ओळखू येऊ लागला. त्यातल्या दोघांच्या नावाने तो आज जीबी सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. स्त्रोल बिचारा नावातून गळाला. जुलाब किंवा सर्दी-तापाचा जंतू येऊन जातो, त्याच्याशी लढायला निघालेली शरीराची फौज उलटून स्वतःच्याच नसांवर पडते. पाय जातात, मग हात, आणि कधी छातीचे स्नायू. छाती गेली तर यंत्राशिवाय माणूस वाचत नाही. पाचातल्या एखाद्यावर तरी ती पाळी येते. पण छाती वाचली, किंवा त्या काळापुरती कोणी सांभाळली, तर नसा हळूहळू आपल्या आपण भरून येतात. दहातले सुमारे आठ जण सहा महिन्यांत आधाराशिवाय चालू लागतात.

ही गोष्ट समजली की जुन्या शहरातल्या कितीतरी कीर्ती उलगडतात. पारव्याचा रस्सा पाजून लकवा घालवणारे होते. मालिश करणारे पहिलवान होते. राजस्थानात नागौर जिल्ह्यात बुटाटीला चतुरदास महाराजांचं ठिकाण आहे, तिथे सात दिवस राहून परिक्रमा केली की लकवा जातो अशी श्रद्धा; आमच्याकडून आजही गाड्या भरून माणसं जातात. त्यांतल्या काहींचा लकवा मेंदूतल्या गाठीचा असतो, काहींचा मणक्याचा, काहींचा हा नसांचा. नसांचा असेल तो रस्सा पिऊनही बरा होतो आणि न पिऊनही. त्या हमालाला वडिलांच्या तेलाने बरं केलं नव्हतं. वडिलांना ते माहीत होतं की नाही, सांगता येत नाही. त्यांनी तेल मात्र खरं दिलं होतं. ज्यांची छाती गेली त्यांची खाती वहीत दोन-तीन ओळींत संपतात. त्या काळी औषध स्वस्त होतं, कारण विकायला औषधच नव्हतं.

पोरांचा लकवा म्हणजे पोलिओ, त्याचं खातं वेगळं. त्यात बिल औषधाचं नसायचं, वर्षांचं असायचं. कॅलिपर, बूट, ऑपरेशन, पुन्हा मोठा कॅलिपर. अकोल्याचे लोक पोरगं खांद्यावर घेऊन मुंबईच्या गाडीत बसत आणि हाजीअलीला जात. तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलच्या मुळाशी फातिमा इस्माईल ही बाई होती. तिच्या लहान मुलीला पोलिओ झाला, उपचारासाठी ती मद्रासपर्यंत फिरली, आणि 1947 मध्ये मुंबईत तिने अशा मुलांसाठी दवाखाना उघडला. तिचा भाऊ उमर सोबानी हा मुंबईच्या कापूस बाजारातला बडा माणूस होता. आमच्या काळ्या मातीतला कापूस ज्या बाजारात जाऊन पडायचा, त्याच बाजारातल्या घराण्यातून आमच्या पोरांच्या पायांची सोय निघाली. हे मला फार उशिरा, एका जुन्या मासिकात वाचून कळलं. देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये हावड्याला सापडला. आता पंधरा वर्षांखालच्या कोणत्याही पोराचे पाय अचानक लुळे पडले तर सरकारी माणूस घरी येऊन शौचाचे नमुने नेतो. माझ्या भाच्याचे पाय गेले तेव्हा कोणी आलं नाही, कारण तो एकोणीस वर्षांचा होता.

2019 चा पावसाळा. भाचा, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, पॉलिटेक्निकला शिकत होता आणि श्रावणात कावडीच्या तयारीत होता. शेवटच्या श्रावण सोमवारी आमच्याकडची मंडळं गांधीग्रामला पूर्णेचं पाणी भरतात आणि रात्रभर अनवाणी चालत येऊन राजराजेश्वराला अभिषेक करतात. 1944 च्या दुष्काळापासूनची प्रथा म्हणून सांगतात. त्या वर्षी कावडीच्या आधी आठवडाभर भाच्याला जुलाब झाले होते. मीच पुड्या दिल्या. ते थांबले, आणि एका संध्याकाळी तो दुकानात आला तो एकाच पायात चप्पल घालून.

"दुसरी कुठी हाये बे?" मी विचारलं.

"मामा, पायातून कवा निंगाली मले समजलंच नाई."

मी हसलो नाही. औषधाच्या दुकानात आयुष्य गेलं की काही वाक्यांनी पोटात गोळा येतो. काउंटरवर बसवून मी त्याच्या गुडघ्याखाली तळहाताच्या कडेने ठोकलं. पाय हललाच नाही. दुसऱ्या दिवशी तो जिना चढताना बसला, तिसऱ्या दिवशी त्याला चमचा धरता येईना. पलीकडच्या एका खासगी दवाखान्यात नेलं. मणक्यातलं पाणी काढलं, नसांची तपासणी केली. 1916 च्या त्या दोन सैनिकांचाच रिपोर्ट: प्रथिनं जास्त, पेशी नेहमीइतक्या.

आता विकायला औषध आहे. 1985 च्या सुमारास अमेरिकेतल्या चाचण्यांनी दाखवलं की रक्तातला प्लाझ्मा बदलला तर हा रुग्ण लवकर उठतो. 1992 मध्ये हॉलंडच्या डॉक्टरांनी दाखवलं की शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं तरी तेवढाच गुण येतो. हे औषध कारखान्यात रसायनं मिसळून होत नाही. हजारो माणसांनी दिलेल्या प्लाझ्मातून ते गाळून काढतात, म्हणून महाग. वजनाच्या दर किलोला दोन ग्रॅम, पाच दिवसांत वाटून. भाचा पन्नास किलोचा: शंभर ग्रॅम, पाच-पाच ग्रॅमच्या वीस बाटल्या, रोज चार. आणि ते पहिल्या दोन आठवड्यांत द्यायचं. नंतर दिलं तर नसांचं नुकसान होऊन गेलेलं असतं.

दवाखान्याने आधी डिपॉझिट मागितलं. बहिणीकडे केशरी शिधापत्रिका होती, म्हणजे सरकारी योजनेचा हक्क होता. 2012 च्या जुलैमध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली तेव्हा त्यात अमरावती होतं, अकोल्याला पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरापर्यंत थांबावं लागलं. 2017 पासून तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांना, आणि आमच्या आत्महत्याग्रस्त म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डच्या शेतकऱ्यांनाही ती लागू होती. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंत खर्च मिळायचा. पण तो दवाखाना योजनेच्या यादीत नव्हता. यादीतल्या दुसऱ्या रुग्णालयात खाट रिकामी व्हायला वेळ होता, कागद जायला वेळ होता. पोराच्या हाताची पकड मात्र तासातासाला सुटत होती. बहीण मला म्हणाली, "दादा, पोत काढून देतो, पर ह्या वक्ती सोनार कुठी भेटीन?" रात्रीचे साडेनऊ वाजले होते.

मी नागपूरच्या घाऊक व्यापाऱ्याला फोन केला. त्याच्या बापाची आणि माझ्या बापाची उधारी होती, एवढं भांडवल. त्याने 'किती' विचारलं, 'केव्हा देणार' विचारलं नाही. बाटल्या बर्फाच्या थर्माकोल पेटीत घालून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवल्या. दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे असं हे औषध. पहाटे बायपासवर पेटी उतरवून मी झाकण उघडलं आणि आधी बर्फ पाहिला, मग बाटल्या मोजल्या. घाऊक भावात मला ते पावणेदोन लाखांच्या आसपास पडलं. छापील किमतीने बिल झालं असतं तर दीडपटीच्या वर गेलं असतं. हे माझ्याच धंद्यातलं गुपित आहे आणि ते सांगताना मला अभिमान वाटत नाही. सकाळी आठला पहिली बाटली लागली. ज्याचा मामा औषधवाला नाही त्याला ती केव्हा लागली असती, हा हिशेब मी तेव्हापासून करतो आहे.

औषध लागलं म्हणून लगेच पोरगं उठत नाही, हे लोकांना पटत नाही. तिसऱ्या दिवशी त्याची छाती थकली आणि त्याला व्हेंटिलेटरवर घेतलं. तो काळ म्हणजे रोजचं बिल. सकाळी काचेच्या खिडकीतून एक कागद सरकायचा, संध्याकाळपर्यंत भरायचा. बहिणीची पोत गेली, मेव्हण्याने पतसंस्थेतून कर्ज काढलं, माझी ठेव मोडली. आणि मग कावडीचं मंडळ आलं. त्या साली त्यांची पालखी मोठी व्हायची होती, त्यासाठी वर्गणी जमली होती. पोरांनी पालखी गेल्या वर्षीइतकीच ठेवली आणि वहीसकट पैसे माझ्यासमोर आणून ठेवले. दहा-दहा, वीस-वीस रुपयांच्या नोंदी. त्यात गुलजारपुऱ्यातल्या मुसलमान दुकानदारांचीही नावं होती, ती कावडीच्या वर्गणीतलीच. कोणी विचारेल म्हणून सांगतो: आमच्याकडे दंगे झाले आहेत, आणि हेही होत आलं आहे.

मंडळाच्या पैशाने आठवडा निघाला. तेवढ्यात यादीतल्या रुग्णालयात खाट मिळाली, योजनेची मंजुरी आली, आणि पुढचा खर्च तिने उचलला. योजनेला मी नावं ठेवणार नाही. ती आली नसती तर बहिणीचं घर गेलं असतं. पण तिचा पैसा आला तेव्हा दोन आठवड्यांची ती मुदत संपत आली होती. पहिल्या रात्रीचा पैसा उधारीचा, मधल्या आठवड्याचा वर्गणीचा, शेवटचा सरकारचा. माळ्यावरच्या वह्यांतही तोच क्रम दिसतो. फक्त सरकारच्या जागी तिथे शेटजींचं धर्माचं खातं आहे.

2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत जीबीएसचे रुग्ण एकदम वाढले, दोनशेच्या वर गेले, आणि काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा जंतू सापडला. तेव्हा रोज टीव्हीवर इंजेक्शनच्या किमती येत होत्या. पालिकेच्या रुग्णालयांत मोफत उपचार जाहीर झाले, आणि योजनेतली या आजाराची मर्यादा 80 हजारांवरून 1 लाख 60 हजारांवर नेली. चांगलंच केलं. एकट्यादुकट्याला हा आजार वर्षभर कुठे ना कुठे होतच असतो, तेव्हा टीव्ही नसतो. पुण्या-मुंबईत ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना धर्मादाय कायद्याखाली दहा टक्के खाटा गरिबांसाठी मोफत आणि दहा टक्के सवलतीत ठेवाव्या लागतात, बिलांच्या दोन टक्के रक्कम गरीब रुग्णांच्या निधीत टाकावी लागते. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये तशी योजना लावून दिली. आमच्याकडच्या माणसाला तिथवर पोचायलाच रात्र लागते.

भाचा घरी आला तो खुर्चीतून. हाडं दिसत होती. फिजिओथेरपिस्ट रोज येणं परवडणारं नव्हतं, म्हणून तो आठवड्यातून दोनदा यायचा आणि मधल्या दिवसांचं काम आईला शिकवून जायचा. चालायला दोन्ही हातांना धरण्याचे समांतर दांडे लागतात. बाजारात त्यांची किंमत ऐकून मेव्हणा परत आला. मंडळातल्या एका वेल्डरने त्या वर्षी न वापरलेले पालखीचे लोखंडी पाइप आणले, वाड्याच्या चौकात चार खांब रोवले आणि दुपारभरात दांडे उभे केले. उंची मापायला त्याने भाच्याला दोघांकडून उभं धरवलं आणि मनगटापाशी खडूने खूण केली. त्या दांड्यांमध्ये पहिलं पाऊल टाकायला त्याला दिवाळी उजाडली. पाय आधी आले, बोटं सगळ्यांत शेवटी. शर्टाची गुंडी त्याला मार्चपर्यंत लावता येत नव्हती, आणि मग लॉकडाऊन लागला तेव्हा फिजिओथेरपिस्टही बंद झाला. त्या रिकाम्या दिवसांत त्याने नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' वाचलं. कोल्हापूरच्या त्या बाईचे पाय ऐन सोळाव्या वर्षी कायमचे गेले. तिने नोकरी केली आणि 1984 मध्ये अपंगांसाठी संस्था उभी केली. पुस्तक मिटून तो मला म्हणाला, "मामा, मी बरा झालो यात माहं काही कर्तुक नाई." मला वाटतं हे समजायला पुष्कळांना त्याहून जास्त दिवस लागतात.

आता आमच्या दुकानात कॉम्प्युटर आहे. जीएसटीपासून प्रत्येक बाटलीचं पक्कं बिल लागतं, घाऊकवाले सात दिवसांत पैसे मागतात, आणि माझा मुलगा काउंटरवर 'उधारी बंद' अशी पाटी लावून बसतो. त्याचं चुकतं असं मला म्हणता येत नाही. गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देतं आणि निघून जातं. मोठं दुखणं आलं की तोच मोबाइल फोटो आणि क्यूआर कोडसकट सगळ्या गटांत फिरतो. ज्याचा फोटो करुण आणि ज्याचे मित्र पुष्कळ, त्याला पैसा येतो. शेटजींच्या खात्यातही असाच पक्षपात होता; पण शेटजी निदान रात्री दार उघडून पैसे काढून देत.

मंडळाने मात्र कावडीच्या वर्गणीतला काही भाग दवाखान्यासाठी वेगळा काढायचा ठराव केला आहे. भाचा आता एका कंपनीत ड्राफ्ट्समन आहे आणि या निधीची वही त्याच्याकडे असते. वही लालच आहे, ती मी दिली. त्याने रकाने आखले तेव्हा मी शेजारी होतो: तारीख, नाव, आळी, दुखणं, मागणी आली किती वाजता, पैसे पोचले किती वाजता, रक्कम. मंडळाचे जुने अध्यक्ष ते पाहून वैतागले. "पैसे देल्ले ते देल्ले, वाजले किती ते काहून लिवा लागते बाप्पा?" भाच्याने रकाने ठेवले. पहिल्या पानावर सात नोंदी आहेत. सर्वांत उशिराची साडेपाच तासांची आहे, आणि तिच्यावरून मंडळाच्या मागच्या बैठकीत पाऊण तास भांडण झालं. निधीच्या पेटीची चावी कोणाकडे राहावी यावर.